अर्थ गाळून शब्द छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या बालपुरवणीतली ‘क्यूनंतर यू नसलेले छोटे इंग्रजी शब्द’ ही चौकट वाचली आणि राहवलं नाही. चौकट देखणी आहे, रंगीत आहे, पण तिच्यात एकाही शब्दाचा अर्थ नाही. वर ठळक अक्षरांत सूचना: ‘पाठ करा आणि जिंका!’

माझी नात सहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्या शाळेत स्क्रॅबलची, म्हणजे पटावर अक्षरांच्या टाइल्स लावून इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाची, स्पर्धा होती, आम्हा घरच्यांनाही बोलावलं होतं. तिनं पटावर क्यू, ए, टी अशा टाइल्स लावल्या. समोरच्या मुलानं विचारलं, “म्हणजे काय गं?” तिला सांगता येईना. तिनं बाईंकडे पाहिलं, तर बाई म्हणाल्या, “अर्थाचं काय करायचंय? डिक्शनरीत आहे ना? मार्क लिही आणि पुढे चल.” खेळाच्या नियमानं बाईंचं बरोबरच होतं. शब्द कोशात असला की झालं, अर्थ सांगावा लागत नाही. पण ती शाळा होती हो! त्या हॉलमध्ये विचारण्यासारखा एकच प्रश्न त्या पोरानं विचारला आणि त्यालाच गप्प बसवलं. मला अजून त्याचा उतरलेला चेहरा आठवतो.

नातीनं लावलेल्या त्या क्यू-ए-टीचा अर्थ मी सांगतो. उच्चार ‘कात’, पण विड्यातला नव्हे. ही एका झुडपाची पानं. येमेन, इथिओपिया, सोमालिया या भागात लोक ती तासन्‌तास गालात धरून चघळतात, त्यानं तरतरी येते, नशा येते. ब्रिटननं २०१४ साली त्यावर बंदी घातली. त्यातलं कॅथिनोन हे द्रव्य आपल्याकडेही अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. तुमच्या चौकटीत हा शब्द पहिल्याच ओळीत आहे, आणि लहान मुलांना सांगितलंय की पाठ करा! शब्द छापू नका असं मी म्हणत नाही. जरूर छापा, पण तो कशाचा आहे तेही सांगा.

हे शब्द खेळात लागतात हे मलाही कळतं. इंग्रजी स्क्रॅबलमध्ये १०० टाइल्स, त्यात क्यू एकच आणि यू चारच. इंग्रजीत क्यूमागे बहुधा यू लागतोच, त्यामुळे चारही यू पटावर गेले की क्यू हातात अडकतो आणि शेवटी त्याचे १० गुण वजा होतात. म्हणून तर मुलं या याद्यांच्या मागे लागतात. पण यू का नाही, एवढं तरी त्यांना कळायला नको का? अरबीतला घशातून येणारा ‘क’ रोमन लिपीत क्यूनं लिहितात, म्हणून एस-यू-क्यू म्हणजे बाजार आणि क्यू-ए-डी-आय म्हणजे आपला काझी. जुन्या नाशकात काझीची गढी माहीत नाही असं पोर सापडेल का? त्याला हे एकदा सांगा, तो शब्द जन्मात विसरायचा नाही. क्यू-आय चिनी आहे, उच्चार ‘ची’, अर्थ प्राणशक्ती. चीननं १९५८ साली जी रोमन लेखनपद्धती स्वीकारली, तिच्यात क्यूचा उच्चारच च-छच्या जवळचा आहे.

शेजारच्या ‘दोन अक्षरी’ यादीचीही तीच गत. ए-आय पाहून आजचं प्रत्येक मूल म्हणणार, कृत्रिम बुद्धिमत्ता. पण खेळात आद्याक्षरांचे संक्षेप चालत नाहीत. हा एआय म्हणजे दक्षिण अमेरिकेतला झाडाला उलटा लटकणारा, तीन बोटांचा स्लॉथ. ए-ए म्हणजे ज्याचा पृष्ठभाग खडबडीत, धारदार होऊन थिजतो तो लाव्हा. शब्द हवाई बेटांवरचा, पण आपल्या दख्खनच्या कातळाचे थर ओळखतानाही भूशास्त्रज्ञ तोच वापरतात. पांडवलेणी ज्यात कोरली तो बेसाल्टही लाव्हा थिजूनच झाला. शाळा सहलीला दरवर्षी तिथे नेतात ना मुलांना? आणि एक्स-यू हे व्हिएतनामचं जुनं नाणं, शंभर झाले की एक डाँग. माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये झाली. तिथे एक रेघ पुसट आली तरी कागद बाजूला काढत. इथे अर्थच्या अर्थ गळतो आणि पुरवणी बिनदिक्कत छापून येते, हे मला सहन होत नाही.

जागा नव्हती म्हणू नका. चौकटीखाली कोचिंग क्लासची अर्धं पान जाहिरात आहे. वीस शब्दांऐवजी दहा द्या, पण प्रत्येकापुढे चार शब्दांत अर्थ द्या. पुढच्याच शनिवारी कालची यादी अर्थांसह पुन्हा छापावी, ही आग्रहाची विनंती.

जाता जाता आणखी एक. रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर सोमवारी देऊ असं तुम्हीच छापता, पण नाशिक आवृत्तीत जाहिरात आली की पहिली कात्री त्यालाच लागते. गेल्या सोमवारीही ते नव्हतं. उभ्या सातचं उत्तर आमच्या कट्ट्यावर अजून कोणाला सुटलेलं नाही. तेवढं तरी छापा.

– एक जुना वाचक, जेल रोड, नाशिकरोड