सरांच्या लेकीला नाही कसं म्हणायचं?

पुणे,
मार्चअखेर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "झाली का तुझी फिल्म?" आणि मागून आईचा आवाज आला, "त्या पोरीचं बोलणं ठेवलंयस ना गं?" मी विषय बदलला. उत्तरात बाबांचं नाव येतं, आणि ते घाईघाईत फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र.

फिल्म बावीस मिनिटांची झाली आहे. आपल्या धारूरकडून गेलेली ऊसतोड टोळी सांगलीकडच्या वाळवा तालुक्यातल्या उसाच्या फडात हंगामभर कशी राहते, एवढाच तिचा विषय. पहाटे चारला कोपीबाहेर, म्हणजे त्यांच्या झोपडीबाहेर, चूल पेटते तिथपासून रात्री कारखान्याच्या काट्यावर बैलगाडीचं वजन होईपर्यंत. या बावीस मिनिटांतली सात मिनिटं बाबांच्या त्या विद्यार्थ्याच्या बायकोची आहेत. आमच्या मार्गदर्शकांनी आणि वर्गातल्या मुलांनी कच्चा कट पाहिला, तेव्हा सगळे एकच म्हणाले की फिल्म तिच्यावर उभी आहे. मलाही तसंच वाटतं.

ती काय बोलली ते मी तुम्हालाही लिहीत नाही. आई, राग मानू नकोस. धारूरला आपल्या ओसरीवर पोचलेली गोष्ट तिच्या सासरी पोचायला किती वेळ लागतो ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कारखान्यात बिघाड होऊन तोड बंद होती त्या दुपारी आम्ही तिच्याशी बोललो. मी तिच्या पदराला माइक लावला आणि कॅमेऱ्याकडे गेले. रेकॉर्डिंग सुरू झालेलं होतं. त्या क्षणी मला काही ऐकू आलं नाही. इथं पुण्यात हेडफोन लावून आवाज जुळवताना ऐकलं. तिची जाऊ विचारते, "कशाला बोलायलीस? उद्या काही झालं म्हंजी?" आणि ती म्हणते, "सराची लेक हाय ती. सराच्या लेकीला न्हाई कसं म्हनावं?"

बाबा, तुम्ही तिच्या नवऱ्याला आठवीपर्यंत शिकवलंत. त्यानं शाळा सोडली तेव्हा त्याच्या घरी जाऊन बसलात, त्याच्या धाकट्या भावाच्या दाखल्यासाठी बीडला खेटे घातलेत. तुम्ही एक फोन केलात, त्यानं बायकोला सांगितलं आणि तिनं होकार दिला. तो होकार तुमच्या उपकाराची फेड म्हणून आलेला आहे. तुम्ही फोन केलात यात वावगं काहीच नव्हतं. तुमच्या शब्दाशिवाय टोळीनं मला फडाच्या बांधावरही उभं केलं नसतं. पण त्या शब्दानं दार उघडलं म्हणून आतल्या माणसाच्या आयुष्यातलं काय उचलायचं तेही ठरून गेलं, असं मला मानता येत नाही.

कागदोपत्री सगळं चोख आहे. संमतीपत्र मी मराठीत लिहिलं, तिला वाचून दाखवलं, तिनं सही केली. त्यात लिहिलं आहे की ही फिल्म महाविद्यालयात, महोत्सवांत आणि इंटरनेटवर दाखवली जाऊ शकते. महोत्सवाशी तिचा संबंध येण्याचं कारण नाही. इंटरनेट तिला माहीत आहे, रात्री कोपीपुढे पोरांच्या मोबाइलवर चालू असतं ते. मात्र फडात तीन बायकांपुढे बोललेलं उद्या त्याच मोबाइलवर, तिच्या दिराच्या हातात उतरू शकतं, हे सही करताना तिच्या डोळ्यांपुढे आलं असेल असं मला वाटत नाही. आणि आलं असतं तरी ती माझ्या तोंडावर नाही म्हणाली नसती.

उचल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, इथल्या मित्रांना मात्र सांगावं लागलं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी टोळी जमवणारा मुकादम त्या कोयत्याला रक्कम देतो आणि पुढचे पाच-सहा महिने दोघांनी ऊस तोडून ती फेडायची. खाडा पडला की दंड. फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाकडे. तिच्या बोलण्यातलं एक वाक्य जरी त्याला खुपलं, तरी दिवाळीच्या आधी त्या घरात उचल येणार नाही. तेव्हा मी इथं पदवी घेऊन बसलेली असेन.

तुम्हाला २०१९ आठवत असेल. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. ती जायलाच हवी होती. तिच्यामुळे सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं नोंदलं गेलं. कुणी कॅमेरा आणि वही घेऊन गेलंच नसतं तर हे मोजायला कोण आलं असतं? हे मी एक क्षणही विसरत नाही, आणि म्हणूनच मला हेच काम करायचं आहे. पण त्याच बातम्यांत अख्ख्या गावांना 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव' असं नावही पडलं. आई, तेव्हा तूच म्हणाली होतीस, आता तिथल्या पोरींना स्थळं कशी यायची? (फिल्ममधली ती माझ्याशी याच विषयावर बोलली असा अर्थ काढू नका. मी वर म्हटलं तसं, तो विषय कोणता ते मी सांगत नाही.)

वर्गात यावर पटकन सुचवला जाणारा उपाय म्हणजे चेहरा धूसर करायचा. मी करून पाहिला. मुंबईतल्या प्रेक्षकाला ती चेहऱ्यासकट दिसली काय आणि चेहऱ्याशिवाय दिसली काय, तो तिला ओळखत नाही. ओळखणारे आहेत ते टोळीतले पंधरा-वीस कोयते, आणि त्यांना चेहरा लागतच नाही. तिच्या हातावरचं गोंदण, बैलाच्या शिंगांचा रंग, कोपीवरची फाटकी निळी ताडपत्री, बोलताना मध्येच थांबायची तिची ढब, यांतलं काहीही पुरेसं आहे. तिचं म्हणणं दुसऱ्या बाईच्या आवाजात घेता येईल, पण मग तसं पडद्यावर स्पष्ट लिहायला हवं, आणि त्यालाही तिची हरकत नसायला हवी.

बाबा, तुम्ही नववीच्या वर्गात लेमिंगची गोष्ट सांगायचात. थंड प्रदेशातले उंदरासारखे प्राणी, संख्या वाढली की कड्यावरून समुद्रात उड्या टाकून जीव देतात. जगभरच्या शाळांत ही गोष्ट सांगितली गेली, कारण डिस्नेच्या १९५८ सालच्या एका माहितीपटात ती 'दिसली' होती आणि त्या माहितीपटाला ऑस्करही मिळालं. चित्रीकरण झालं कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात, जिथं समुद्र नाही आणि ते लेमिंगही तिथले नव्हते. मॅनिटोबातून विकत आणलेले प्राणी बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीवर पळवले आणि कड्यावरून नदीत लोटले. १९८२ साली कॅनडाच्या सीबीसी वाहिनीनं हे बाहेर काढलं. शिकवताना तुम्ही तेच सांगत होतात जे सगळ्यांना खरं वाटत होतं. पडद्यावर माहितीपट म्हणून आलेल्या गोष्टीवर माणूस किती सहज विश्वास ठेवतो, ते मला यातून फार जवळून कळलं.

हा प्रकार उघड खोटेपणाचा आहे. मला जास्त भीती वाटते ती २००७ च्या बीबीसीच्या प्रकरणाची. ब्रिटनच्या राणीवरच्या एका मालिकेची झलक पत्रकारांना दाखवली गेली. तिच्यात राणी छायाचित्रण अर्धवट टाकून रागानं निघून जाताना दिसत होती. प्रत्यक्षात तो शॉट ती आत येतानाचा होता. शॉट खरा, राणी खरी, शब्दही तिचेच, फक्त क्रम उलटा. बीबीसीला माफी मागावी लागली आणि वाहिनीच्या प्रमुखानं पुढे राजीनामा दिला.

आमच्याही टेबलावर हे घडलं. माझ्या संकलक मित्रानं तिचे डोळे भरून येतात त्या शॉटला लागून मुकादमाचा हसण्याचा शॉट जोडला. पाहताना अंगावर काटा आला, इतकं ते जमलं होतं. पण मुकादम हसत होता तो दुसऱ्या दिवशी, चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या स्लिपबॉयच्या गमतीला. मी तो शॉट काढायला लावला. मित्र चिडला. म्हणाला, "मुकादम लुटतो हे खरं आहे ना? मग बिघडलं कुठं?" मी म्हटलं, लुटतो हे दाखवायचं असेल तर त्याची वही दाखव. उचल किती, टन किती, खाडे किती, कापले किती. त्या वहीची पानं आमच्याकडे आहेत, ती मी फिल्ममध्ये घेतली आहेत आणि त्यांवर मुकादमाला कॅमेऱ्यासमोर विचारलंही आहे. तो म्हणाला की ही रक्कम त्यानंही कर्जानं उचललेली असते, मागच्या साली काही कोयते उचल घेऊन पळाले आणि त्याला जमीन गहाण टाकावी लागली. मला त्याचं सगळं पटलं नाही. तरी जवळजवळ दोन मिनिटं त्याचं म्हणणं ठेवलं आहे. त्याच्यावर बोट ठेवायचं तर त्याला उत्तराची जागा द्यायलाच हवी.

आई, तू विचारलं होतंस, "तिला काही दिलंस का?" या कामात सर्वसाधारण रीत अशी की बोलण्याचे पैसे द्यायचे नाहीत. पैसे आले की माणूस समोरच्याला हवं ते बोलायला लागतं, आणि बघणाऱ्यालाही शंका येते. पण हंगामात तिला तेवढीच एक दुपार मोकळी मिळाली होती, मुलीचे केस धुवायला आणि पाठ टेकायला, आणि ती तिनं मला दिली. २०२४ च्या करारानं तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. जोडीनं दिवसभरात दीड-दोन टन तोडले तर साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये होतात, तेही उचलीत वळते होतात. आम्ही जोडीची एका दिवसाची मजुरी दिली, तिच्या हातात दिली, आणि दिल्याचं फिल्मच्या शेवटी लिहिलं आहे. ते पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरच्या १९८५ सालच्या माहितीपटात एक बाई दिग्दर्शक आनंद पटवर्धनांनाच सुनावते की गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव कमावता. त्यांनी तो भाग कापला नाही. मला ते फार मोठेपणाचं वाटतं, कारण तिचा आरोप फिल्म संपल्यावरही तसाच उभा राहतो.

माइकमध्ये आलेल्या त्या वाक्यानंच फिल्म सुरू कर, असं एकानं सुचवलं. सुरुवात म्हणून ते विलक्षण आहे. पण आपलं बोलणं टिपलं जातंय हे तेव्हा तिला माहीत नव्हतं. ते तिचं जावेशी बोलणं आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तो होकार तुमच्या नावावर घेतला गेला आहे. तुम्ही पुढे कुणाला सांगू नका. तिलाही मी ते ऐकवणार आहे.

आता तुमच्याकडे काम आहे. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी एप्रिलमध्ये गावी येईल. मी लॅपटॉप घेऊन येते. आधी तिला एकटीला, हवी तर जावेबरोबर, सगळी फिल्म दाखवीन. नवऱ्याला त्यानंतर, तेही ती म्हणाली तर. मग विचारीन: फक्त महाविद्यालयात दाखवली तर चालेल का? बाहेरगावच्या महोत्सवात? मोबाइलवर येईल अशी नको ना? आवाज तुझा ठेवू का? की सगळंच काढू? तिच्याशिवायची पंधरा मिनिटांची फिल्म मी वेगळी जुळवून ठेवली आहे. ती कमी ताकदीची आहे, पण खरी आहे, आणि मार्गदर्शकांना मी सांगितलं आहे की जूनमध्ये कदाचित तीच जमा होईल.

बाबा, त्या दिवशी तुम्ही तिथं नसावं अशी माझी विनंती आहे. तुम्ही समोर बसलात की ती मान हलवणार. त्याऐवजी त्याआधी तिच्या नवऱ्याला एक फोन करा आणि सांगा की पोरीनं काही काढून टाकायला सांगितलं तर सरांना आनंदच होईल. "वाईट वाटणार नाही" एवढं म्हणू नका, ते त्याला पुरणार नाही. तुमचा शब्द त्या घरात किती चालतो ते तुम्ही जाणताच. या वेळी तो तिच्या नकाराच्या बाजूनं टाका.

आणि आई, तू नेहमीसारखी तिच्यासाठी साडी काढून ठेवली असशील. आत्ता देऊ नकोस. साडी घेतल्यावर तिला आणखीच अवघड होईल. तिचं ठरू दे, फिल्म जमा होऊ दे, मग तुला जे द्यायचं ते दे, मी मध्ये बोलणार नाही.

मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येते. बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख त्याच आठवड्यात घ्या, म्हणजे अंबाजोगाईला मीच घेऊन जाईन.

तुमची,
मनू