कवीच्या भाड्याच्या घराचीही नोंद हवी

महोदय,

कोल्हापुरातल्या पेठांमधले जुने वाडे एकामागोमाग पुनर्विकासाला निघाले आहेत. पाडण्याआधी त्यात कोण राहून गेले, हे कोणी विचारत नाही. म्हणून दिल्लीतल्या मिर्झा गालिब यांच्या हवेलीचे उदाहरण मांडतो.

गालिब जन्मले आग्र्यात, १७९७ साली. पुढचे बहुतेक आयुष्य दिल्लीत गेले, पण मालकीचे घर त्यांनी कधी घेतले नाही. बल्लीमारानमधल्या गली कासिम जानची हवेली हे त्यांचे शेवटचे बिऱ्हाड. १८६९ मध्ये ते गेले. पुढे तिथे दुकाने थाटली गेली, हीटर बनवण्याचा कारखानासुद्धा चालला! १९९९ मध्ये दिल्ली सरकारने हवेलीचा काही भाग ताब्यात घेतला, जुन्या धाटणीच्या लाखोरी विटा वापरून तो दुरुस्त केला आणि स्मारक उभे राहिले. २०१० मध्ये तिथे गुलजार यांच्या पुढाकाराने गालिबचा अर्धपुतळा बसला. तो घडवला आपल्या सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी. हे सगळे चांगलेच झाले. पण एवढ्या मोठ्या कवीच्या वाट्याला हवेलीचा एक तुकडा आला, आणि तोही १३० वर्षांनी, ही गोष्ट मला फार लागते.

ज्या माधव जूलियनांनी फार्सी गझल मराठीत रुजवली, ते १९२८ पासून दहा-अकरा वर्षे आपल्या राजाराम कॉलेजात फार्सी शिकवत होते. त्यांची ‘गज्जलांजली’ १९३३ ची, म्हणजे कोल्हापूरच्या मुक्कामातली. दिल्लीला गालिबचा अभिमान वाटतो, तसा आपल्याला त्यांचा का वाटू नये?

वारसा म्हटले की आपल्याला राजवाडे, देवळे, कमानी आठवतात. कवी बहुधा भाडेकरू असतो. त्याच्या खोलीला ना नक्षीदार खांब, ना सातबाऱ्यावर नाव. म्हणून महापालिकेच्या हेरिटेज समितीने इमारतीच्या देखणेपणाबरोबर तिथे कोण राहिले, याचाही विचार करावा. घरफाळ्याची जुनी रजिस्टरे, कॉलेजची दप्तरे, करवीर नगर वाचन मंदिरातले जुने अंक चाळून अशा घरांची यादी करता येईल. शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागातले विद्यार्थी हे काम आनंदाने करतील.

घरमालकांना अडवा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. गळक्या वाड्यात राहणाऱ्यांना पक्के घर मिळालेच पाहिजे. मात्र पाडण्याआधी वाड्याचे नकाशे आणि फोटो घ्यावेत, जुनी चौकट जपावी, नव्या इमारतीच्या दाराशी कवीच्या नावाची फरशी लावावी. जो मालक तळमजल्यावर वाचनासाठी एक खोली देईल, त्याला चटईक्षेत्रात सवलत द्यावी.

दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा काढते. निदान त्या इमारतींत कोण राहून गेले, याची तपासणी तरी यंदापासून सुरू व्हावी.

— एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर