आमची जीन आणि तुमची जीन्स

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शब्दांच्या गमतीजमती आल्या होत्या. त्यात लिहिलंय की खान्देशात कापसाच्या कारखान्याला जीन म्हणतात कारण तिथे पूर्वी जीन्सचं कापड बनायचं. अमळनेर-पारोळ्याकडच्या लोकांनी हसून सोडून दिलं असेल, पण आमच्याकडच्या पोरांनी ते शाळेच्या फळ्यावर लिहून टाकलं म्हणून हे पत्र.

साहेब, जीनमधे कापड बनतच नाही. कापड सोडा, सूत पण नाही. शेतकऱ्याचा कापूस येतो तो सरकीसकट, म्हणजे बियांसकट, जीनमधे सरकी वेगळी होते अन् रुई वेगळी, मग रुई प्रेसमधे दाबून १७० किलोच्या गाठी बांधल्या की जीनचं काम संपलं, पुढचं सूतगिरणीचं. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, थोडी घट जाते, बाकी सगळी सरकी, ती तेलाला आणि ढेपेला जाते. सीझनमधे कोणाच्याही घरी विचारा "आप्पा कथा गयात?" (आप्पा कुठे गेले?) तर उत्तर येतं "जीनमा गयात" (जीनमधे गेले), आणि त्यात पॅन्टचा काहीएक संबंध नसतो.

खरी गोष्ट अशी की हा जीन म्हणजे एंजिन. जुन्या फ्रेंचमधला 'एंजिन' इंग्रजांनी उचलला, बोलता बोलता पुढचं अक्षर गळालं आणि सातआठशे वर्षांपूर्वीच नुसता 'जिन' उरला. त्याचं मूळ लॅटिनमधे 'इन्जेनियम', म्हणजे जन्मजात हुशारी. हुशारीवरून अर्थ गेला युक्तीवर, युक्तीवरून युक्तीने बनवलेल्या साधनावर, आणि एंजिनियर पण याच घरातला. मधल्या काळात जिन म्हणजे फासा, सापळा असा पण अर्थ होता, १६११ च्या इंग्रजी बायबलमधे तो शब्द त्याच अर्थाने आलाय. (जीनच्या वजनकाट्यावर शेतकऱ्याच्या मालाला कटती, म्हणजे वजनात कपात, लावताना बघितलं की वाटतं हा अर्थ अजून पूर्ण गेला नाही.)

कापसाला हे नाव चिकटलं ते अमेरिकेत. १७९३ मधे एली व्हिटनी नावाच्या माणसाने तारेच्या दातांनी रुई ओढून सरकी मागे ठेवणारं यंत्र केलं, १७९४ मधे पेटंट घेतलं, आणि त्याला म्हणायचे कॉटन जिन. तिकडच्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढायला दिवस जायचा, तो प्रश्न सुटला, पण मग कापूस एवढा लावला गेला की शेतात राबायला गुलामांची मागणी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. पुरवणीत शब्दाची गंमत सांगताना ही बाजू पण चार ओळीत आली असती तर बरं झालं असतं, कारण पुढे १८६१ मधे तिकडे याच गुलामगिरीवरून यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली.

आता कोणी म्हणेल की सरकी काढायला आपण अमेरिकेकडून शिकलो, तर तसं नाही. दोन रुळांमधून कापूस घालायचा आणि सरकी अलीकडेच पडायची, ही हाताने फिरवायची चरखी आपल्याकडे व्हिटनीच्या कितीतरी आधीपासून होती. अजिंठ्याच्या चित्रात तर त्याहूनही जुनं, एका रुळाचं साधन दिसतं असं अभ्यासक सांगतात, आणि अजिंठा इथून काय लांब आहे. आजही आपल्याकडे बहुतेक जीनमधे दात असलेलं मशीन नसतंच, डबल रोलर असतं. चामड्याचे रूळ आणि पातं, ही पद्धत मॅकार्थी नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकनाने १८४० मधे पेटंट केलेल्या यंत्रावरून आलेली. त्यात धागा कमी तुटतो. म्हणजे नाव व्हिटनीच्या मशीनचं आणि काम वेगळ्याच मशीनचं.

राहिली जीन्स. ती इटलीतल्या जेनोवा गावावरून, त्या गावाचं फ्रेंच नाव इंग्रजांच्या तोंडात जाऊन जीन झालं आणि तिकडचं जाडंभरडं कापड त्या नावाने विकलं जायचं. तांब्याच्या खिळ्यांची पॅन्ट फार नंतरची, तिचं पेटंट १८७३ चं. आणि एवढं लिहिताना डंगरी विसरलात! कामगारांच्या जाड कपड्यांची ती डंगरी आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलीय, मराठी पेपरला तेच पहिलं आठवायला पाहिजे होतं.

प्यायची जिन अजून तिसरीच, ती जुनिपर नावाच्या झाडाच्या फळावरून, डच लोकांकडून आली, तिच्यात मला फार शिरायचं नाही. घोड्याची जीन, म्हणजे खोगीर, फारसी.

पण एक जीन मात्र आमच्या जीनचा लांबचा भाऊबंद निघतो, तो म्हणजे बियाण्यातला, पिढ्यान्पिढ्या गुण पुढे नेणारा. १९०९ मधे योहान्सेन या डॅनिश शास्त्रज्ञाने ग्रीक शब्दावरून तो बनवला, आणि त्या ग्रीक शब्दाचं आणि लॅटिन इन्जेनियमचं मूळ एकच, जन्म देणे. आपला जन्म, जनक, जननी पण त्याच मुळाचे. बीटी कापसाला २००२ मधे परवानगी मिळाली, त्यात जमिनीतल्या एका जिवाणूचा जीन घातलेला, बोंडअळीसाठी. (गुलाबी बोंडअळीने पुढे त्यालाही दाद दिली नाही ते सोडा.) म्हणजे आज जीन घातलेला पोरगा जीन घातलेला कापूस जीनमधे घेऊन जातो, आणि मराठीत तिन्ही सारखेच लिहितात, त्यामुळे तुमच्या लेखकाचा घोटाळा झाला यात मला नवल वाटत नाही.

राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. मजकुराच्या शेवटी सुचवलंय की जीन हा परका शब्द टाकून 'कापूस पिंजण केंद्र' म्हणावं. पिंजणं म्हणजे सरकी काढलेली रुई मोकळी करणं, ते पिंजाऱ्याचं काम, गादीवाल्याकडे होतं. सरकीसकट कापूस पिंजायला घेतला तर पिंजारी हाकलून देईल. इकडे तीनतीन पिढ्या जीन म्हणतायत, हमाल म्हणतो, अडत्या म्हणतो, शेतकरी म्हणतो, कोणाचं अडत नाही. दुरुस्ती छापणार असाल तर जीन्सचं राहू द्या एकवेळ, पण ते पिंजण केंद्र आधी काढा.

आपला,
एक वाचक
ता. अमळनेर, जि. जळगाव