चि. अनघास: सहा एप्रिलचा आदेश आधी वाच

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

व्हिएतनाम युद्धावरच्या तुझ्या निबंधाचा आराखडा वाचला. टोंकिनच्या आखातापाशी तू फार रेंगाळली आहेस. २ ऑगस्ट १९६४ चा 'मॅडॉक्स' या अमेरिकी युद्धनौकेवरचा उत्तर व्हिएतनामचा हल्ला खरा होता. ४ तारखेचा झालाच नाही. खराब हवामान आणि पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या 'सोनार' यंत्रावरच्या माणसांचा अतिउत्साह यांमुळे गफलत झाली असावी, असं तिथल्याच कॅप्टन हेरिक यांनी कळवलं होतं. तरीही राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. त्यात ना सैन्याच्या संख्येला मर्यादा होती, ना ठरलेली मुदत. एवढं पुरे.

मुक्काम १९६५ वर कर. २ मार्चला उत्तर व्हिएतनामवर 'रोलिंग थंडर' ही बॉम्बफेकीची मोहीम सुरू झाली. ८ मार्चला दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगला सुमारे साडेतीन हजार अमेरिकी मरीन सैनिक उतरले, ते विमानतळाच्या राखणीसाठी. महिना उलटायच्या आत, ६ एप्रिलच्या, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या ३२८ क्रमांकाच्या आदेशानं त्यांचं कामच बदललं: आता चढाईही करायची. आणखी १८ ते २० हजार पूरक सैन्यही मंजूर झालं. प्रसिद्धी टाळा, धोरण एकाएकी बदलल्यासारखं दिसू देऊ नका, हेही त्याच कागदात लिहिलं आहे. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात याहून महत्त्वाचा कागद नाही.

२८ जुलैला जॉन्सन यांनी ७५ हजारांवरून सव्वा लाख सैन्य करत असल्याचं जाहीर केलं, पण राखीव दलं बोलावली नाहीत. ती बोलावली असती तर काँग्रेसमध्ये युद्धावर उघड चर्चा झाली असती आणि त्यांच्या समाजकल्याणाच्या कायद्यांना खीळ बसली असती. मेडिकेअरवर, म्हणजे वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या कायद्यावर, त्यांची सही ३० जुलैची आहे, हे ध्यानात ठेव. परिणाम असा की भार सक्तीच्या भरतीवर पडला. युद्धखर्चासाठीचा प्राप्तिकरावरचा १० टक्के अधिभार १९६८ पर्यंत लागलाच नाही. तोवर महागाई भडकली होती.

सल्लागारांनी फसवलं, ही सबब तू मान्य करू नकोस. माणसं मोठ्या संख्येनं मरू लागली की परतीची वाट बंद होईल, हे परराष्ट्र उपमंत्री जॉर्ज बॉल यांनी १ जुलै १९६५ लाच लेखी दिलं होतं. २७ मे १९६४ ला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार बंडी यांच्याशी फोनवर बोलताना, हे लढण्याजोगं नाही असं स्वतः जॉन्सन म्हणाले होते; ध्वनिफीत उपलब्ध आहे, ऐक.

तुझ्या तक्त्यात व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैन्याचे १९६४ अखेर २३ हजार, १९६५ अखेर १ लाख ८४ हजार, १९६८ अखेर ५ लाख ३६ हजार हे आकडे नुसते ठेवू नकोस. प्रत्येक वाढीपुढे हुकूम निघाल्याची आणि लोकांना कळल्याची, अशा दोन तारखा लिही. ६ एप्रिलपुढे ८ जून येईल. त्या दिवशी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यानं लढाईतल्या सहभागाची कबुली दिली, आणि दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाऊसनं काहीच बदललेलं नाही असं निवेदन काढलं.

तुझी,
आई