पम्या, ते झाड फेकू नकोस

प्रिय पम्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. नर्सरीवाल्याने सुवासिक म्हणून ऑर्किड गळ्यात मारलं आणि वासाचा पत्ता नाही म्हणतोस, पण तू फुलाला नाक लावलंस कधी तर सकाळी चहाचा कप हातात घेऊन! फोटो नीट बघितला, तो ब्रासावोला नोडोसा आहे, आणि याला दिवसा वास जवळजवळ नसतोच. अंधार पडल्यावर तासाभराने सुटायला लागतो आणि जेवणं होईपर्यंत हॉलमध्ये पसरतो, साधारण पपनसाच्या फुलासारखा. रात्री हिंडणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी हा सगळा खटाटोप, म्हणून तर ती मधली पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची पाकळी इतकी पांढरी, काळोखात दिसावी म्हणून, आणि मध आत लांब नळीत, लांब सोंडवाल्यालाच मिळेल असा. मग दिवसा कशाला तो वास उधळेल? आज रात्री बाल्कनीचा दिवा बंद करून बस आणि मग सांग मला.

माझी काळजी वासाची नाहीये, कुंडीची आहे. माती कोणी घातली रे? आणि वर कोकोपीट? हे मूळ मेक्सिकोपासून व्हेनेझुएलापर्यंतच्या किनाऱ्यावरचं झाड, तिथे ते खारफुटीच्या फांद्यांवर आणि उघड्या खडकांवर वाढतं, पाऊस पडतो, मुळं भिजतात आणि वाऱ्याने लगेच सुकतातही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीत ती गुदमरून कुजतात, वरून पानं बरेच दिवस ठणठणीत दिसतात त्यामुळे कळतच नाही. वहिनी तुळशीबरोबर त्यालाही रोज तांब्याभर पाणी घालतात ना, ते आजपासून बंद करायला सांग (माझं नाव घेऊन सांग, तुझं ऐकणार नाहीत).

कुंडी बदलावीच लागेल. एरवी नवी मुळं फुटायला लागली की बदलतात, पण चिखलात बसलेल्याला थांबून चालत नाही, फुलं गळली तर गळू देत. सगळी माती धुवून काढायची, मऊ पोकळ झालेली मुळं कापायची, कडक पांढरी ठेवायची. मग बाजूने भोकं असलेली मातीची छोटी कुंडी, त्यात विटांचे तुकडे आणि कोळसा, बास. नारळाची सोडणं स्वस्त पडतात म्हणून लोक घालतात, मला ती पटत नाहीत, पावसाळ्यात ओलीगच्च राहतात. झाड काडीला घट्ट बांधायचं, हललं की नव्या मुळांची टोकं घासून मरतात. नंतर पाणी कधी घालायचं ते मूळच सांगतं, चंदेरी झालं की घाल, हिरवं आहे तोवर हात लावू नकोस. खत म्हणशील तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरभर पाण्यात पाव चमचा, आठवड्यातून एकदा, नवी पानं फुटत असताना. तेही अगदी आत्ता नको, मुळं सावरू देत.

उन्हाबाबत मात्र कंजूषपणा करू नकोस. तुझ्या पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं ऊन पूर्ण मिळू दे, पानांवर बारीक तांबूस ठिपके आले तर घाबरायचं नाही, ते भरपूर उजेडाचं लक्षण. पानं गडद हिरवीगार आणि लुळी दिसली की समज उजेड कमी पडतोय, मग फुलं विसर. आमच्याकडे अलिबागला थंडीचा प्रश्नच येत नाही, पण पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० पर्यंत उतरतो आणि याला १५ च्या खाली आवडत नाही, तेव्हा रात्री आत घे. मे महिन्यात दुपारी सावलीची जाळी आणि रोज पाणी, कारण तुमच्याकडची हवा फारच कोरडी.

वहिनींना मोठं फूल हवंय म्हणालास ना, मग पुढच्या वेळी ऱ्हिंकोलेलिया डिग्बियाना बघ, तेही ऑर्किडच, होंडुरासचं राष्ट्रीय फूल, पाकळीला झालर असते आणि त्यालाही रात्रीच वास. फक्त ते वाढतं सावकाश आणि फुलायला रुसतं, म्हणून आधी हे जगव.

शनिवारी येतोच आहे, कुंडी आणि विटा मी आणतो. तू कोळसा आणून ठेव, लाकडाचा साधा, बार्बेक्यूच्या दाबून केलेल्या वड्या मिळतात त्या नकोत.

तुझा,
बाळ्या