रविवार एक आठवडा पुढे ढकल

सोलापूर

चि. सौ. राणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू गणपतीपुळे, आरे-वारे आणि भाट्ये असे तीन किनाऱ्यांचे फोटो पाठवलेस आणि खाली विचारलंस, "आई, मुलांना घेऊन कुठला बरा?" फोनवर सांगायला घेतलं तर चिऊनं तुझ्या हातातून फोन ओढला आणि विषय तिथेच राहिला. म्हणून लिहून काढते. जावईबापूंनाही वाचायला दे.

आधी एक गोष्ट सांगते. ती तुला अर्धवटच माहीत आहे. तू साडेतीन वर्षांची होतीस तेव्हा आपण पहिल्यांदा समुद्रावर गेलो. किनाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुझे बाबा गावाकडच्या विहिरीत लहानपणापासून पोहलेले, काठावरून सूर मारणारे. त्यांच्याही गुडघ्याला पाणी लागत नव्हतं अशा ठिकाणी तू त्यांचं बोट धरून उभी होतीस. लाट आली, फुटली, तुम्ही दोघं हसलात. ती परत फिरली तेव्हा बाबांच्या पायाखालची वाळूच निघून गेली आणि तुझं बोट सुटलं. तू ओरडली नाहीस, हात वर केले नाहीस, नुसती आडवी झालीस आणि पाण्याबरोबर निघालीस. बाबांनी तुझा फ्रॉक मागून मुठीत पकडला. सगळं मिळून चार-पाच श्वासांचं. मी दहा पावलांवर डबा उघडत होते आणि मला काहीही ऐकू आलं नाही. मूल बुडताना आवाज होत नाही, राणी. हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे कितीतरी दिवस मी विचार करत होते की एवढ्या पोहणाऱ्या माणसाचं चुकलं कुठे. आपण सोलापूरची माणसं. आपलं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव, कंबर तलाव, हिप्परगा, फार तर उजनी. ते पाणी जागचं हलत नाही. सकाळी ज्या पायरीवर असतं, त्याच पायरीवर संध्याकाळी असतं. काठावर उभं राहून आपण नजरेनं खोली ठरवतो आणि ती बरोबर निघते. हीच सवय आपण समुद्रावर घेऊन जातो. तिथे मात्र नऊ वाजताचं पाणी आणि अकराचं पाणी वेगळं असतं. म्हणून फोटो बघून किनारा ठरवू नकोस. फोटोत रंग दिसतो, उतार दिसत नाही आणि वेळही दिसत नाही. मुलांसाठी बघायच्या त्या या दोनच गोष्टी.

उताराचं सांगते. किनारा सपाट असला की लाटा लांबवरच फुटतात आणि पायाशी येईपर्यंत नुसता फेस उरतो. किनारा उभा असला की लाट अगदी काठावर आपटते आणि परत जाताना जोरात ओढते. आपण तेव्हा गेलो होतो तो किनारा तसाच होता. तिथे पोचल्यावर गाडीतून उतरल्या उतरल्या मुलांना सोडू नकोस. दहा मिनिटं नुसतं बघत उभी राहा. लाटा कुठे फुटतात? ओल्या वाळूचा पट्टा रुंद आहे की चिंचोळा? आणि दोन्ही बाजूंना पांढरा फेस असताना मधेच एखादा पट्टा गडद आणि शांत दिसला, तर तिथे मुळीच जायचं नाही. लाटांनी आणलेलं पाणी तिथूनच आत परत जात असतं. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा शांत वाटते.

आता तुझे तीन किनारे. गणपतीपुळ्याला दर्शनाला जरूर जाऊ, पण त्या पाण्यात मुलांना उतरवायचं नाही. तिथं बुडाल्याच्या बातम्या आपण इतक्या वर्षांत पुष्कळ वाचल्या आहेत. आरे-वारे वरच्या रस्त्यावरून बघावं, डोळे निवतात. लहान मुलांना घेऊन तिथं खाली पाण्यात मात्र नको.

माझं मत भाट्याला. रत्नागिरी शहरातून खाडीचा पूल ओलांडला की लगेच लागतो तो. किनारा सपाट आहे, मागे सुरूचं बन आहे आणि जिल्हा रुग्णालय शहरातच, म्हणजे जवळ. पण तिथेही एक अट. पुलाच्या बाजूला काजळी नदी समुद्राला मिळते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी फार जोरात बाहेर जातं, म्हणून त्या टोकाला फिरकायचंही नाही. आपण दक्षिणेला, झरी विनायकाच्या अंगाला बसू. आणि सपाट किनारा म्हणजे सुरक्षित किनारा असं समजू नकोस. चिऊच्या घोट्यापर्यंत आणि दादूच्या पोटरीपर्यंत, त्यापुढे पाणी नाही.

आता वेळ. याचसाठी मी पंचांग काढून बसले आहे. आपल्या सोलापुरातच तयार होणारं दाते पंचांग भिंतीवर असताना आपल्याला समुद्राची वेळ कळू नये, असं का व्हावं? कोकणातले लोक भरतीचा हिशेब तिथीवर करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तिथं पोचल्यावर होडीवाल्यांना विचारून खात्री करायची, पण आखणीला हा हिशेब पुरतो. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

तू म्हणतेस त्या रविवारी द्वादशी आहे. १२ ची पाऊणपट ९. म्हणजे आपण पोचू तेव्हा समुद्र भरलेला, वाळू जेमतेम, आणि पुढचे सहा तास पाणी आत ओढणारं. त्याच्या पुढच्या रविवारी वद्य चतुर्थी येते. ४ ची पाऊणपट ३. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी पावणेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आपण नऊला पोचलो तर लांबच लांब ओली वाळू मोकळी मिळेल, जागोजाग घोटाभर पाण्याची डबकी, शिंपले, खेकड्यांची बिळं. मुलांना याहून जास्त काय हवं? आणि तिथून पुढे पाणी हळूहळू काठाकडे येत राहील. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीकडे जावं तसा समुद्राचा जोर कमी होतो. चतुर्थीला तो पौर्णिमेपेक्षा उतरणीला लागलेला असतो. म्हणून म्हणते, रविवार एक आठवडा पुढे ढकल.

ती संकष्टी आहे हे मला माहीत आहे. माझ्या उपासाची काळजी करू नकोस, मी साबुदाण्याचा डबा घेईन. फक्त त्या दिवशी गणपतीपुळ्याला गर्दी असणार, तेव्हा दर्शन पुन्हा कधीतरी. झरी विनायकाला हात जोडू.

कोल्हापूरहून रत्नागिरी १३० किलोमीटरच्या आसपास, पण आंबा घाटाची वळणं आहेत. पहाटे पाचला निघू. निघताना दादूला दूध देऊ नकोस, घाटात उलटी होते त्याला. सकाळ धरायची त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडचा समुद्र पश्चिमेला, ऊन मागून येतं आणि सुरूच्या झाडांची सावली वाळूवर पडते. दुपारनंतर तेच ऊन समोरून डोळ्यात जातं, सावली कुठेच नाही. साडेअकराला आवरायचं. मग जेवण आणि रत्नागिरीतलं मत्स्यालय. तिथं देवमाशाचा सांगाडा आहे, दादू त्याच्यापुढून हलणार नाही. कोणत्या वारी बंद असतं ते मात्र आधी विचारून घे.

हवेनं फुगवायची ती रिंग घरीच ठेव. हट्ट केला तरी घरीच. थंडीत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मतलई वारा, तू शाळेत शिकली आहेस. रिंग नाहीतर चेंडू पाण्यात पडला की तो आतच जाणार, आणि त्याच्यामागे पोर. त्याऐवजी वाटी, चमचा, जुनं पातेलं घे. वाळूत दोन तास कुठे जातात कळत नाही. कपडे भडक हवेत, नारिंगी किंवा लाल. निळा आणि पांढरा रंग पाण्यात हरवतो. वाळूवर जीप, घोडे, चार चाकांच्या मोटारसायकली फिरत असल्या तर त्यांच्यापासून लांब बसू. माझी भीती पाण्याइतकी त्यांचीही आहे.

सगळ्यात जास्त कळकळीनं हे सांगते. दोन मुलं, तर दोन मोठी माणसं, नावानिशी ठरलेली. हात लांब केला की मूल हाताला लागलं पाहिजे एवढ्या अंतरावर. त्या वेळी हातात फोन नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. जागा बदलायची झाली तर तोंडानं सांगायचं, "आता चिऊ तुझ्याकडे," आणि समोरच्यानं "हो" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. आपल्या वेळी चार मोठी माणसं होतो आम्ही, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा बघतोय. फोटो मी काढीन, लांबून.

मी शुक्रवारीच कोल्हापूरला येते. येताना चार टॉवेल आणि बसायला जुनी चादर आणते. ती जड आहे, वाऱ्यानं उडत नाही. धपाटे आणि शेंगाची चटणी आहेच. चारला रत्नागिरी सोडली की आठपर्यंत घरी पोचू. त्या रात्रीचा चंद्रोदय मी पंचांगात बघून ठेवलाय, तुमच्या गच्चीवर बसून उपास सोडीन. मोदकांना तांदळाची पिठी तेवढी आणून ठेव.

तुझी,
आई