टी.वाय.च्या लॅबमधल्या मामांना

मामा, साष्टांग नमस्कार.

वसईच्या वाडीत केळींना पाणी लावताना हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, कोण जाणे. नातवंडांपैकी कुणी वाचून दाखवलं तर ओळख पटावी म्हणून सांगतो. मी देवरुखचा. 1997 साली झेवियर्सला टी.वाय.ला बॉटनी घेतलेला, जर्नल सर्टिफाय करायला नेहमी शेवटी येणारा. तुम्ही मला ‘कोकण्या’ म्हणायचात.

मी मुंबईला निघालो तेव्हा आजीला एकच घोर होता. पाद्र्यांचं कॉलेज, पोरगं बाटणार. बाटलो नाही. पहिल्या वर्षी मात्र इंग्रजीनं असा घाबरलो की वर्गात तोंडच उघडत नव्हतं. तुमच्याशी मराठीत बोलता यायचं, म्हणून प्रॅक्टिकल संपल्यावर सिंकपाशी घुटमळायचो. बीकर विसळायला मदत करतो असं दाखवायचो, एवढंच.

फादर आम्हाला जेनेटिक्स शिकवायचे. सकाळी मिस्सा आणि दहाच्या तासाला मेंडेल. मेंडेल ब्रनोच्या मठातला साधू. त्यानं 1856 पासून आठ वर्षं वाटाणे लावले आणि दुसऱ्या पिढीत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले दाणे मोजले, हे फळ्यावर लिहिताना फादरांचा चेहरा खुलायचा. तुम्ही दारात स्लाइडचा ट्रे घेऊन उभे होतात. तास सुटल्यावर म्हणालात, “सात हजारांवर वाटाणे! मठात कामाला दुसरं कोणी नव्हतं वाटतं.” तीनास एक हे प्रमाण माझ्या डोक्यात बसलं ते तुमच्या त्या वाक्यामुळे. उत्क्रांतीही फादरांनी आडपडदा न ठेवता शिकवली. आदल्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती निव्वळ गृहीतकाच्या पुढे गेल्याचं मान्य केलं होतं. आजीला हे सुट्टीत सांगितलं, तर ती म्हणाली, “मग एवढी वर्षं काय करत होते?”

पण हे पत्र त्यासाठी नाही. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या रोपांच्या, शीट्ससाठी आहे.

जुलैत खंडाळ्याला गेलो होतो. संतापाव फादरांनी ज्या खंडाळ्याच्या वनस्पतींवर अख्खा ग्रंथ लिहिला, तिथे आम्ही भजी खात, घसरत, रोपं उपटत फिरलो. हॉस्टेलवर आल्यावर मी सगळं वर्तमानपत्रांत घालून गादीखाली दाबलं आणि विसरलो. पाचव्या दिवशी तुमच्यासमोर गठ्ठा सोडला. तुम्ही नुसता वास घेतलात. “बुरशी.” मग रागावण्याऐवजी मला बसवलंत. पावसाळ्यात कागद रोज बदलायचे, ओले कागद दिव्याच्या उबेला वाळवायचे, एक पान मुद्दाम उलटं ठेवायचं म्हणजे खालची बाजूही दिसते, जाड कंद उभा चिरून अर्धाच ठेवायचा. फुलाचा रंग त्याच दिवशी लिहून ठेवायचा, वाळल्यावर तो उडतो. मर्क्युरिक क्लोराइडच्या विषारी पाण्याला मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत, ते काम स्वतःच केलंत. माझी अर्धी रोपं वाचली.

अर्धीच. परीक्षेला ठरलेला आकडा भरत नव्हता. मग मी कॉलेजच्या मागच्या भिंतीलगतची एकदांडी उपटली, नीट वाळवली, 42 बाय 28 सेंटिमीटरच्या शीटवर चिकटवली आणि लेबलावर ठोकून दिलं: खंडाळा. एकदांडी कुठेही उगवते, कोण ओळखणार?

तुम्ही ओळखलंत. शीट उजेडात धरून एका पानावर बोट ठेवलंत. चुन्याचा ठिपका. त्या आठवड्यात मागच्या भिंतीला रंग काढत होते. मला वाटलं आता थेट मॅडमपुढे उभं करणार. तुम्ही खणातून कोरं लेबल काढलंत आणि म्हणालात, “लिही. मुंबई, कॉलेजचं आवार, भिंतीलगत. आत संग्रहात ब्लॅटर फादरांच्या वेळेपासूनची रोपं आहेत. उद्या कोणी लेबल वाचून ते झाड शोधायला जाईल. त्याला कशाला हेलपाटा?” मी लिहिलं. हात थरथरत होता, अक्षर आजही आठवतं. ही गोष्ट तुम्ही कुणाला सांगितली नाहीत. निदान माझ्या कानावर तरी कधी आली नाही.

कॉलेजचा हा वाळवलेल्या रोपांचा संग्रह, ब्लॅटर हर्बेरियम, 1906 मध्ये सुरू झाला हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते कशासाठी आहे, हे त्या दुपारी समजलं. त्याचे आभार तेव्हा मानायला हवे होते. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आलो होतो, पण तुम्ही रजेवर होतात. ते पेढे आम्हीच संपवले, तेही आज कबूल करतो.

आता मी चिपळूणला अकरावी-बारावीला शिकवतो. बोर्डाला हर्बेरियम लागत नाही, तरी मुलांकडून पाच पाच शीट्स करून घेतो. परवा एका मुलीनं आघाड्याची शीट दिली. लेबलावर ठिकाण लिहिलं होतं: ‘आजीचं परसू, जुन्या संडासाच्या मागे, डावीकडे.’ वर्ग खो-खो हसला. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि ती शीट कपाटात वरच्या खणात ठेवली आहे.

तुमचा,
कोकण्या